कॅप्टनची कोंबडी आणि अराबाची केंकी

आंबवलेलं मक्याचं अर्धं पीठ शिजून तयार होतं, अर्धं कच्चं परातीत होतं, आणि दोन्ही एकजीव मळायला अराबा क्वान्सा नुकती चुलीसमोर बसली होती. मनगटापर्यंत हात पिठात गेले न गेले तोच तिची नणंद एफिबा अंगणातूनच ओरडली, "हात धू, सिस्टर अराबा! आधी हात धू! तू कॅप्टन झालीस!"

केंकी करणाऱ्या बाईला या टप्प्यावर हात धुवायला सांगणारं माणूस एक तर पुरुष असतं, नाही तर एफिबा. शिजलेलं पीठ निवलं की कच्च्याशी त्याचं सूत जमत नाही. मग पानात बांधलेले गोळे उकळताना फुटतात, आणि ज्यांच्या घरी माणूस गेलंय ते लोक गेलेल्याला विसरून केंकीबद्दल बोलत बसतात. त्या दिवशी शनिवार होता, आणि सेकंडी गावात शनिवार हा अंत्यविधींचा वार. एफिबाही सुतकाचं काळं-लाल कापड नेसून एका घरी रडायलाच निघाली होती. पण वाटेत तिला बातमी लागली, आणि आनंदाची बातमी मिळाली की एफिबाचं दुःख तिची थोडा वेळ वाट बघतं.

"कसली कॅप्टन?" अराबाने मळणं थांबवलं नाही.

"कॅप्टन ड्रमस्टिकची! नऊ जणींचे अर्ज होते, नऊ! ताकोराडीच्या त्या डॉक्टरीणबाईचासुद्धा. सेकंडीच्या दुकानासाठी तुझं नाव निघालं. सोमवारपासून चार दिवस ट्रेनिंग आणि शुक्रवारी सही. मी शिंपिणीला सांगूनही आले, उद्घाटनाला आपण सगळ्या बायका एकाच छापाचं कापड नेसायचं!"

कॅप्टन ड्रमस्टिक ही तळलेल्या कोंबडीची दुकानं काढणारी राजधानीतली, अक्क्राची कंपनी. पाटीवर खलाशाची टोपी घातलेली एक कोंबडी असते. तिच्या एका पंखात ताट, ताटात तिच्याच भाऊबंदांच्या तंगड्या, आणि चेहऱ्यावर हसू. आपल्या माणसांना इतक्या आनंदाने तळून वाढणारं जनावर देवाने एरवी घडवलेलं नाही. ते कंपनीला घडवावं लागलं.

पैसे होते ते अराबाचा नवरा एबो याचे. एकतीस वर्षं बंदरात नोकरी करून तो निवृत्त झाला, तेव्हा एकरकमी हातात आलेले. ते आणून त्याने बायकोच्या हाती दिले आणि म्हणाला, "तू ठरव. कंपनीचं दुकान घे, नाही तर स्वतःचं काहीतरी काढ. मी मधे पडणार नाही." आणि खरोखरच पडला नाही. म्हणजे मधे पडला नाही. कडुनिंबाखालच्या बाकावर मात्र रेडिओ घेऊन पडला तो पडलाच.

स्वतःचं काहीतरी म्हणजे केंकीच. चौदा वर्षं अराबा घरून मागणीप्रमाणे केंकी करून देत होती. तिची केंकी खाऊन कुणी वाईट बोलल्याचं गावात ऐकिवात नव्हतं, आणि सेकंडीत न बोलणं हीच केवढी मोठी पावती. एक टपरी, दोन मोठी पातेली, तळलेला मासा आणि मिरचीची चटणी एवढ्यावर धंदा उभा राहिला असता. मग अडत होतं कुठे?

अडत होतं ते सहा वर्षांपूर्वीच्या भाताच्या दुकानापाशी. स्टेशनजवळ अराबाने छपराखाली भात आणि रस्सा विकायला सुरुवात केली होती. पहिल्या दिवशी आशीर्वाद द्यायला नातेवाईक आले. दुसऱ्या दिवशी चव बघायला आले. तिसऱ्या दिवसापासून यायला कारण लागेनासं झालं. सिस्टरच्या दुकानात सिस्टरच्या माणसांनी पैसे दिले तर लोक काय म्हणतील, या काळजीने त्यांनी कधी पैसे दिलेच नाहीत. पाच महिन्यांनी छप्पर उतरवताना त्याच मंडळींनी तिला समजावलं की तुला धंद्याचं अंग नाही. समजावून झाल्यावर, उरलेल्या भाताचं काय करणार आहेस, असंही एकाने प्रेमाने विचारलं.

अराबाला 'नाही' म्हणता येत नसे, सगळं दुखणं एवढंच. आणि कंपनीच्या दुकानात 'नाही' आयता मिळत होता. भाचा येऊन उभा राहिला की पाटीवरच्या कोंबडीकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "बाबा, माझ्या हातात काही नाही, हिचा नियम आहे." लोक नावासाठी कंपनीला पैसे मोजतात, अराबा नकारासाठी मोजायला निघाली होती.

कंपनीचे मिस्टर लॅमप्टे घरी आले होते तेही तिला आवडलं होतं. टाय, लॅपटॉप आणि घाम घेऊन आलेला हा तरुण आपला मुलूख ओळखून होता. बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, प्रार्थनेने सुरुवात करू या." प्रार्थना चांगली लांब झाली. तीत प्रभूचं नाव दोनदा आलं आणि वाढीचा दर तीनदा.

"आमेन," एबो बाकावरून म्हणाला. "दर कितीचा म्हणालात?"

सोमवारी सकाळी अराबा ट्रोट्रो व्हॅनमध्ये बसून ताकोराडीच्या शाखेत गेली. तिला पिवळा टीशर्ट मिळाला, टोपी मिळाली आणि दोनशे बारा पानांची नियमावली मिळाली. अराबा रोज पहाटे बायबलचा एक अध्याय वाचते. त्या आठवड्यात तिने नियमावलीही वाचली, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर नियमावलीत आज्ञा पुष्कळ जास्त होत्या. तंगडी किती मिनिटं तळायची, बटाटा किती बोटं लांब कापायचा, हसताना किती दात दिसावेत, सगळं लिहिलेलं. गिऱ्हाइकाला काय म्हणायचं तेही लिहिलेलं: "कॅप्टनच्या जहाजावर स्वागत! मोठं करू का?" घरचं कसं काय, आईचे गुडघे कसे आहेत, हे विचारायला जागा नव्हती. एका म्हातारीने उलट विचारलं, "काय मोठं करतेस?" अराबा सांगू लागली की बटाटे जास्त मिळतात, पेय मोठं मिळतं, तर लॅमप्टे मागून पुटपुटला, "सात सेकंद, मॅडम, सात सेकंद."

हे सगळं अराबाने गिळलं. एकसष्टाव्या पानावर मात्र घास अडकला. तिथे लिहिलं होतं की उजवा हात मशीनच्या बटणांवरून हलवायचा नाही. पैसे घेणं, पिशवी देणं, सगळं डाव्या हाताने. नियम ज्याने लिहिला त्याने माणसाचे दोन हात मोजले होते, एवढं गणित त्याचं बरोबर होतं. कोणता हात कशासाठी असतो ते त्याला त्याच्या आईने शिकवलं नसावं, किंवा तो आईचं ऐकणाऱ्यांतला नसावा.

"डाव्या हाताने खायची वस्तू द्यायची?" अराबाने विचारलं.

"दोन सेकंद वाचतात, मॅडम."

"आणि समोर मोठं माणूस असलं तर?"

"जहाजावर सगळे सारखेच, मॅडम."

अराबाने मधला मार्ग काढला. ती पिशवी डाव्या हाताने पुढे करायची आणि प्रत्येकाला म्हणायची, "डावा हात आहे हं, माफ करा." आपल्याकडे हात अडकलेला असला की सगळेच म्हणतात. गिऱ्हाइकं मान हलवायची, "असू दे, माम, असू दे," म्हणायची, आणि सगळं सुरळीत चालायचं. पण सोमवारी तिने एकशे चाळीस वेळा माफी मागितली, आणि दर माफीला तीन सेकंद धरून लॅमप्टेने तिचे गुण कापले. माफी संवादात लिहिलेली नव्हती. मंगळवारी कापले, बुधवारी कापले. पास व्हायला ऐंशी गुण लागत होते, बुधवारी तिची गाडी एकाहत्तरवर होती. गुरुवारी शेवटची परीक्षा.

बुधवारी घरी आल्यावर एफिबा म्हणाली, "एवढंसं तोंड गप्प ठेवता येत नाही तुला? चर्चच्या सगळ्या मंडळीला सांगितलंय मी. नापास झालीस तर रविवारी मी कुठल्या बाकावर बसू?"

"मागच्या बाकावर बस," एबो म्हणाला. "तिथे पंखा पण आहे."

गुरुवारी दुपारी दुकानात रांग दारापर्यंत गेली होती. लॅमप्टे हातात घड्याळ धरून अराबाच्या पाठीशी उभा होता. सकाळपासून तिने एकदाही माफी मागितली नव्हती. तोंड मिटून, दात दाखवून, डाव्या हाताने पिशव्या देत होती आणि प्रत्येक पिशवीला मनातल्या मनात 'प्रभू, मला क्षमा कर' म्हणत होती. मनातल्याचे गुण लॅमप्टेला कापता येत नव्हते. तिने मान वर केली तर समोर नाना बेंटसिल उभे.

नाना बेंटसिल म्हणजे एबोच्या कुळाचे प्रमुख. वय ऐंशीच्या वर, खांद्यावरून घेतलेलं कापड, हातात काठी. नाना उभ्या आयुष्यात असल्या दुकानात गेले नसतील. पण आपल्या एबोच्या बायकोला अक्क्राच्या कंपनीने निवडलं हे एफिबाकडून कळल्यावर कौतुकाने मुद्दाम आले होते. रांगेत उभे राहिले होते, आपली पाळी येईपर्यंत. पैसेही दाराशीच्या मुलाकडे आधीच देऊन ठेवले होते.

त्यांना बघताच अराबाचा उजवा हात आपोआप उचलला गेला.

"लेफ्ट, मॅडम!" लॅमप्टे मागून म्हणाला. "बटण! आणि सेकंद!"

इथे अराबाला थांबता आलं असतं. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण तिला भाताचं दुकान आठवलं, छप्पर आठवलं, आयता मिळणारा 'नाही' आठवला. तिने उजवा हात परत बटणावर ठेवला, डाव्या हाताने कोंबडीची पिशवी नानांपुढे धरली आणि म्हणाली, "कॅप्टनच्या जहाजावर स्वागत! मोठं करू का?"

नाना पिशवीकडे बघत राहिले. मग हाताकडे. मग त्यांनी काठी सावरली, वळले, आणि सगळ्या रांगेच्या देखत हळूहळू चालत बाहेर गेले. पिशवी अराबाच्या डाव्या हातात लोंबकळत राहिली.

"उत्तम!" लॅमप्टे म्हणाला. "चार सेकंद कमी! त्र्याऐंशी गुण, मॅडम. अभिनंदन."

संध्याकाळी ती घरी पोचायच्या आधी पापा एसुमान पोचला होता. नाना स्वतः थेट कुणाशी बोलत नाहीत. त्यांचं बोलणं एसुमान पोचवतो. त्याने एबोला सांगितलं की कुळाच्या प्रमुखाला भर बाजारात डाव्या हाताने अन्न देण्यात आलं आहे, आणि देणाऱ्या व्यक्तीने माफीचा एक शब्दही उच्चारलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी दोघांनी यावं. येताना श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या आणाव्यात. तोपर्यंत नाना या घरच्या पाण्याला हात लावणार नाहीत.

एबो रेडिओ बंद करून पहिल्यांदाच उठून बसला. "अराबा," तो म्हणाला, "बंदरात एकतीस वर्षं काढली मी. क्रेन अंगावर आली होती एकदा. तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो."

"मी नाही केलं ते," अराबा म्हणाली. "कंपनीचा नियम आहे."

हे म्हणायला तिला फार सोपं गेलं. त्याच सोपेपणासाठी तर ती पैसे मोजणार होती.

शुक्रवारी सकाळी लॅमप्टे करारनामा, फोटोग्राफर आणि पुठ्ठ्याची एक मोठी खलाशी टोपी घेऊन आला. एफिबाने ठेवणीतलं कापड नेसलं होतं. प्रार्थना झाली. लॅमप्टेने पेन पुढे केलं, उजव्या हाताने.

"एक विचारते," अराबा म्हणाली. "सेकंडीच्या दुकानात पिशवी उजव्या हाताने दिली तर?"

"एका गिऱ्हाइकामागे दोन सेकंद जातील, मॅडम. दिवसाला चारशे गिऱ्हाइकं धरा. वर्षाला एक्याऐंशी तास होतात. एक्याऐंशी!"

"आणि ते तास साठवून ठेवतात कुठे?" एबोने बाकावरून विचारलं.

लॅमप्टे त्याच्याकडे बघून आदराने हसला आणि पुन्हा अराबाकडे वळला. "नियम बदलता येत नाही, मॅडम. सगळीकडे एकच जहाज."

"मग आज संध्याकाळी माझ्याबरोबर चला. नानांकडे माफी मागायचीय. नियम तुमचा आहे, तुम्हीच सांगा त्यांना."

लॅमप्टेने नियमावली उघडली. त्याला शोधावं लागलं नाही. "पान एकशे त्रेचाळीस. स्थानिक लोकांशी संबंध ही दुकान घेणाऱ्याची स्वतःची जबाबदारी. आणि हो, मॅडम, तिथे जाताना टोपी, टीशर्ट घालू नका. कंपनीचं नावही काढू नका. ब्रँडला डाग लागतो."

"म्हणजे नानांना मी काय सांगू?"

"ते तुम्ही बघा. ब्रँड आमचा असतो, मॅडम. गाव तुमचं."

तो बिचारा खोटं बोलत नव्हता. करारात असंच लिहिलं होतं, सही करणाऱ्यांपैकी फार थोडे ते पान वाचतात एवढंच. अराबाने ते पान स्वतः पुन्हा वाचलं. ज्या 'नाही'साठी ती नवऱ्याची एकतीस वर्षं मोजून द्यायला निघाली होती, तो कंपनीने अजून एकाही भाच्याला ऐकवला नव्हता. पहिल्यांदा ऐकवला तो तिलाच.

तिने पेन उजव्या हाताने परत केलं. "मिस्टर लॅमप्टे, चहा घेऊन जा."

"मॅडम, डॉक्टरीणबाई रांगेत आहेत."

"त्यांचे गुण चांगले येतील. त्यांना कुणाची माफी मागताना मी पाहिलेलं नाही."

फोटोग्राफरने तोवर ती टोपी एबोच्या डोक्यावर घालून त्याचा एक फोटो काढून घेतला. एबो छान दिसत होता.

एफिबाने पहिला अर्धा तास डोक्याला हात लावला. पुढच्या अर्ध्या तासात तिला आठवलं की ती टोपीवाली कोंबडी तिला सुरुवातीपासूनच खटकत होती. तासाभराने ती गल्लीत सांगत होती की वहिनीला सही करू दिली नाही ती तिनेच.

संध्याकाळी नानांच्या अंगणात कुळातली मोठी माणसं बसली होती. एबोने बाटल्या पुढे ठेवल्या. नाना हळू आवाजात बोलले, शेजारी बसलेल्या एसुमानने तेच मोठ्याने सांगितलं, जणू मधल्या तीन हातांत शब्द हरवला असता.

"नाना विचारतात, तो हात कुणाचा होता?"

अराबा दुपारभर उत्तर तयार करत होती. कंपनी, नियम, पान एकसष्ट, घड्याळ. तिने तोंड उघडलं आणि तयार केलेलं सगळं बाजूला राहिलं.

"हात माझाच होता, नाना," ती म्हणाली. "मला गुण हवे होते."

एसुमानने हे नानांना परत सांगितलं नाही. त्याची गरज नव्हती. नानांनी बाटली उघडायला लावली, चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर सोडले. चर्चला हे चालत नाही, आणि अराबा मेथडिस्ट ख्रिस्ती असल्याने तेवढा वेळ तिने स्वतःच्या पायांची बोटं निरखली. मग नाना पुन्हा काही बोलले.

"नाना म्हणतात, माफ केलं," एसुमान म्हणाला. "नाना विचारतात, त्यांनी पैसे दिले होते. कोंबडी कुठंय?"

"ती कंपनीकडेच राहिली, नाना."

नानांचे खांदे हलले. आधी कुणाला कळेना की खोकतायत की काय. मग तेच हसले म्हटल्यावर सगळं अंगण हसलं. माफी झाल्यावर लोकांना मोकळं वाटतं, आणि मोकळं वाटलं की लोक सल्ला देतात. अराबा आता केंकीचं दुकान काढणार हे कळताच प्रत्येकजण तिचा भागीदार झाला. एक म्हणाला टपरी निळी रंगव, दुसरा म्हणाला निळ्याने माशा येतात. एसुमानने, यावेळी स्वतःच्या वतीने, सुचवलं की दुकान त्याच्या घरासमोर असावं, म्हणजे त्याला लक्ष ठेवता येईल.

"आणि चव बघायला मी आहे," एफिबा म्हणाली. "रोज सकाळी दोन केंकी आणि एक मासा माझ्याकडे पाठव. काही कमीजास्त असलं तर लगेच सांगेन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चव बघायला कुणीतरी हवंच.

"नाही," अराबा म्हणाली.

फार ठणठणीत 'नाही' नव्हता तो. तोंडातून बाहेर येईस्तोवर पातळ झाला. पण अंगणातल्या सगळ्यांनी तो ऐकला.

"काय म्हणालीस?" एफिबाने विचारलं.

"पैसे देऊन घे, सिस्टर एफिबा. चटणी वरून जास्त घालीन तुला. पण पैसे देऊन."

"बघितलंत?" एफिबा सगळ्यांकडे वळली. "चार दिवसांत बिघडवली कंपनीने हिला!"

"ट्रेनिंग चांगलं असतं त्यांचं," एबो म्हणाला.

एफिबाने तोंड फिरवलं. ती दोन दिवस बोलणार नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी आली तर पैसे आणेल की पुन्हा चव बघायला येईल, हे अराबाला माहीत नव्हतं. दुकान चालेल की भाताच्या वाटेने जाईल, हेही माहीत नव्हतं. नियमावलीत याला एक पान असतं आणि त्यावर एक आकडा असतो. तिच्याकडे ना पान होतं ना आकडा. प्रभूला माहीत असावं, पण तो आगाऊ सांगत नाही.

शनिवार अंत्यविधींत जाणार होता, रविवार चर्चमध्ये. सोमवारी सकाळी अराबाला कोकोम्पे वस्तीतल्या वेल्डरकडे जाऊन टपरीच्या दाराचं माप द्यायचं होतं.